साठ ग्रॅमची वाटी

डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट पाहून ‘तुम्ही अजून काठावर आहात’ असं सांगितलं, तेव्हा मला हायसं वाटलं. माझ्या लेकीला वाटलं नाही. ती नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर आकडे तपासते. त्या संध्याकाळी तिनं घरी येताना स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा आणला. पोळी, भात, शेंगदाण्याची चटणी, सगळं एकामागून एक त्यावर चढलं. शेवटी फ्रीजमधला आइस्क्रीमचा डबा बाहेर आला आणि मी खुर्चीतून उठलो.

“हे सोडून काहीही काढून घे. हे बंद केलंस तर उपोषणाला बसेन.”

“उपोषणानं वजन उतरेल,” ती म्हणाली. “बसा.”

पण पोरगी न्यायी आहे. तिनं बंद केलं नाही, मोजून दिलं. हळदीकुंकवात कधीतरी वाण म्हणून आलेली एक स्टीलची वाटी तिनं शोधून काढली. त्यात आइस्क्रीम भरून सुरीनं वरून सपाट केलं की बरोबर साठ ग्रॅम होतं. आठवड्यातून दोनदा, एक वाटी, बसून, चहाच्या चमच्यानं. फ्रीजचं दार उघडं धरून डब्यात चमचा घालणं कायमचं बंद.

आणि मंडळी, मला आइस्क्रीम पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी ते खात नव्हतो, उरकत होतो. एका वाटीत मी चौदा चमचे काढायला शिकलो. पहिला चमचा जिभेवर ठेवून तोंड मिटायचं आणि काहीही करायचं नाही. ते आपल्या पायानं जातं. चौथ्या-पाचव्या चमच्यापर्यंत खालचं थोडं मऊ होतं, कडेनं दुधाची एक बारीक रेघ सुटते, आणि तो चमचा सगळ्यांत चांगला असतो. अर्धा डबा संपवताना हे मला कधी दिसलंच नव्हतं. चार महिन्यांत माझा पट्टा दोन भोकं आत गेला आणि खाण्याचा आनंद दुपटीनं वाढला. मी शाळेत मराठी शिकवतो. असली दुहेरी बढती आमच्या खात्यात कोणाला मिळत नाही.

घोटाळा व्हायचा तो घराबाहेर. एका लग्नात मी ‘फक्त एक चमचा’ असं म्हणत पाच वेळा घेतला आणि हिशेब हरवून बसलो. तेव्हापासून लेकीनं नियम केला की वाटी सोबत न्यायची. ती रुमालात गुंडाळून माझ्या कुर्त्याच्या खिशात असायची. लग्नात, बारशात, जेवण झालं की मी रुमालाची चार टोकं एकेक करून उलगडायचो आणि जादूगारासारखी वाटी वर धरायचो. लोक हसायचे. मला लोक हसलेले फार आवडतात, आणि इथेच माझं चुकलं. त्या वाटीकडे हसण्याशिवाय दुसऱ्या कोणत्या नजरेनं पाहता येतं, हे मी विसरून गेलो.

मार्चमध्ये आम्ही नवराबायको लेकीसाठी मुलाचं घर पाहायला गेलो. मुलगा तिच्याच कंपनीतला, दोघांचं आपसांत ठरलेलं. वडिलांचं गांधीबागेत कापडाचं दुकान आणि दुकानाच्या वर घर. त्यांचे वडील उमरेडला मागावर लुगडी विणायचे. आमचं घराणं शेतकऱ्याचं, माझा मोठा भाऊ अजून गावाकडे शेती करतो. त्याला कळवलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, “विणकराच्या घरी पोरगी देऊन राहिला काय? आपल्यातले पोरं सरले काय गा?” मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं हो म्हटलं नाही, फोन ठेवला. आणि नागपुरात अशी गोष्ट फार दिवस एका घरात राहत नाही.

मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. “या नं भाऊ, घर पाहाले या. फक्त एक विचारतो. तुमच्याकडचे सगळे खुशीत आहेत नं? पोरीले आमच्याकडे कोणी कमी समजणार नाही. आम्हालेही कोणी समजू नये, एवढंच.”

निघताना लेक दारापर्यंत आली. ती सहसा घाबरत नाही, पण त्या दिवशी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, “त्याच्या आईचं मन एकदा दुखलं की संपलं. ती नाही म्हणाली तर तो तिला सोडून माझ्याकडे येणार नाही. आणि तसा आला तर मलाच नको.”

हुडकेश्वरच्या घरापासून गांधीबागेपर्यंत मी एकही विनोद केला नाही. बायकोनं दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

पहिला तास मात्र असा गेला की मी मनातल्या मनात पत्रिका छापून टाकली. मुलाचे वडील माझ्यापेक्षाही बडबडे निघाले. त्यांनी आम्हाला थेट गच्चीवर नेलं. तिथे सावलीत हातानं फिरवायचं लाकडी आइस्क्रीमचं पॉट मांडलेलं होतं, भोवती बर्फ आणि खडे मीठ ठासून भरलेलं. “आमच्या घरी सोयरिकीच्या दिवशी बाजारचं नाही आणत जी. घरचा कर्ता फिरवते,” ते म्हणाले आणि बाह्या सरसावून बसले. मीही बसलो. दहा मिनिटं त्यांनी फिरवलं, दहा मिनिटं मी. मुलगा बर्फ कुटून देत होता. दूध घट्ट झाल्यावर त्यांनी झाकण उघडून सोललेल्या संत्र्याच्या फोडी आत सोडल्या. आधी टाकल्या तर दूध फाटतं, म्हणून शेवटी. दांडा जड होत गेला तसे आम्ही दोघं घामाघूम झालो. त्यांनी त्यांच्याच गमछ्यानं माझी मान पुसली.

मग मुलाची आई ताटात काचेचे पाच वाडगे घेऊन वर आली. तिनं ते भरले कसले, रचले. माझ्या हिशेबानं एकेकात चार वाट्या तरी होत्या. बायकोला दिला, नवऱ्याला दिला, मुलाला दिला, आणि माझा वाडगा माझ्यासमोर ठेवला.

मी म्हणालो, “थांबा, थांबा, ताई!”

आणि खिशातून रुमाल काढला. एक टोक. दुसरं. तिसरं. चौथं. वाटी उन्हात चमकली. मी ती वर धरून हसण्याची वाट पाहिली.

कोणी हसलं नाही.

वडिलांचा दुसरा चमचा अर्धा तोंडात जाऊन तिथेच थांबला. मुलगा कुटलेल्या बर्फाकडे पाहू लागला. मला अजूनही कळलं नव्हतं, हे सांगताना आज माझे कान गरम होतात.

“आमच्या घरी भांडे आहेत भाऊ,” मुलाची आई हळू आवाजात म्हणाली.

आणि मी, वीस वर्षं पोरांना भाषा शिकवलेला माणूस, मोठ्या प्रेमानं म्हणालो, “असू द्या ताई. मी बाहेर कोणाकडेही गेलो तरी माझ्याच भांड्यात खातो.”

तिनं वाकून माझ्यासमोरचा वाडगा उचलला आणि परत ताटात ठेवला. काच ताटावर टेकली त्याचा आवाज मला आत लागला, आणि तेव्हा मला ते सगळं एकदम दिसलं. लुगडी खांद्यावर घेऊन आमच्या अंगणात येणारे विणकर दिसले. कपाटाखाली वेगळा ठेवलेला कान तुटलेला कप दिसला. माझ्या आईच्या हातून घेऊन तो कप मी स्वतः बाहेर नेऊन दिलेला होता, आणि परत आत नेताना लांबून धरलेला होता.

मुलाच्या वडिलांनी चमचा वाडग्यात ठेवला. “माहे वडील गावोगाव लुगडी विकाले जायचे,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “गाठोड्यात सोबत कप न्यायचे, आपला. काहून? तर कोणी चहा विचारला की आधीच आपला कप समोर करायचा. म्हणजे ते वेगळा ठेवलेला कप काढत नाहीत. माणसाचा मान राहते. आपलं भांडं सोबत न्यायचं म्हणजे काय असते, हे या घराले नका शिकवू भाऊ.”

“अहो, तसं नाही,” मी म्हणालो. “मला शुगर निघाली. ही साठ ग्रॅमची वाटी आहे. माझ्या मुलीनं काट्यावर मोजून...”

“शुगर तर अर्ध्या गांधीबागेले आहे,” ते म्हणाले. “मलेही आहे. वाटी कोणी आणत नाही.”

बायको पुढे झाली. “खोटं नाही बोलत हो ते. ही वाटी सगळीकडे नेतात. माझ्या माहेरी पण नेली.”

“हाव,” मुलाची आई म्हणाली, “आमच्याकडेच आणाची गरज पडली असं थोडीच म्हटलं आम्ही.” पण ती आमच्याकडे पाहत नव्हती. बायकोच्या हातातला वाडगाही तसाच होता आणि आइस्क्रीम कडेनं सुटायला लागलं होतं. गच्चीवरून खालच्या गल्लीतला हातगाड्यांचा आवाज येत होता. मुलगा उठला, जिन्यापर्यंत गेला, खाली न जाता परत आला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. घरी एक मुलगी हातात फोन घेऊन बसली आहे, आणि तिचं घर मी एका रुमालाच्या चार टोकांत मोडून टाकलं आहे.

बोलण्यावर माझं आयुष्य चाललं. पण आता जे बोलेन ते सारवासारव वाटणार होतं.

मी हात पुढे केला आणि मुलाच्या वडिलांच्या वाडग्यातला त्यांचा चमचा उचलला. ते अर्धवट खाऊन ठेवलेलं, चमच्यावर त्यांच्या ओठांची खूण. मी तो तसाच तोंडात घातला. मग त्यांच्याच वाडग्यातून, त्यांनी जिथून खाल्लं होतं तिथूनच दुसरा चमचा काढला आणि तोही खाल्ला. संत्र्याची एक फोड दाताखाली फुटली. इतकं थंड आणि इतकं आंबटगोड आइस्क्रीम मी कधी खाल्लं नाही, आणि इतक्या भीतीनंही नाही.

दुसऱ्याचं उष्टं. माझ्या आईनं हे पाहिलं असतं तर अंगणातून आत घेतलं नसतं. माझा भाऊ अजूनही घेणार नाही. गच्चीवरच्या प्रत्येकाला हे माहीत होतं, म्हणूनच मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

चमचा मी त्यांच्या वाडग्यात परत ठेवला. वडील त्या चमच्याकडे पाहत राहिले. आता पाळी त्यांची होती. मग त्यांनी तोच चमचा उचलला, भरला, तोंडात घातला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “संत्रा थोडा आंबट निघाला यावर्षी.”

पण लेकीनं मला त्यांच्याबद्दल सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते आईबद्दल. मी वळून पाहिलं तर ती जागेवर नव्हती. जिन्यावरून उतरलेली पावलं तेवढी ऐकू आली.

आम्ही चौघं बसून राहिलो. मुलाचे वडील म्हणाले, “येईन ती.” थोड्या वेळानं, “येईनच.” तिसऱ्यांदा त्यांनी फक्त जिन्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या वाडग्यांत आता दूध झालं होतं आणि त्यात संत्र्याच्या फोडी तरंगत होत्या. बायकोनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली, आपल्या पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. तेवढीही चेन केवढ्यानं वाजली.

मुलाची आई वर आली तेव्हा तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. काखेत हिरवा खण, नारळ आणि तांदळाची वाटकी. तिनं बायकोसमोर बसून तिला कुंकू लावलं आणि म्हणाली, “पदर पसरा वं बाई.” बायकोनं घाईनं पदर पसरला, काही तांदूळ गच्चीवर सांडले. ओटी भरून झाली. म्हणजे त्यांच्या बाजूनं सोयरीक झाली. मुलगा एकदम वळला आणि भिंतीकडे तोंड करून कोणाला तरी फोन लावू लागला.

मग ती माझ्याकडे आली. “भाऊ, तुम्ही मोठं काम केलं, ते मी पाहिलं. पण माह्या घरी आता खिशातून काही काढाचं नाही. कमी खाचं असन तर मले सांगाचं. मी कमी वाढीन. कितीक पाहिजे?”

“तीन चमचे,” मी म्हणालो. दोन माझ्या पोटात आधीच होते.

तिनं नवा वाडगा घेतला आणि पॉटच्या तळातलं घट्ट आइस्क्रीम काढलं. एक चमचा. दोन. तीन. एवढ्या मोठ्या वाडग्याच्या बुडाशी ते सुपारीएवढं दिसत होतं. नागपूरकडच्या बाईनं पाहुण्याला इतकं कमी वाढायचं म्हणजे काय, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. होणाऱ्या सुनेच्या बापाला, आणि तेही सोयरिकीच्या दिवशी! तिचा हात भरलेला चौथा चमचा घेऊन माझ्या वाडग्यावर आला, थांबला, ती ओठ मिटून एकदा माझ्याकडे पाहून राहिली, आणि मग तिनं तो चमचा मोठ्या कष्टानं पॉटमध्ये परत नेला.