कॉमेंटांचं गाऱ्हाणं

मी काय करते हे नातेवाइकांना सांगायची वेळ आली की आई "नाटकात असते" म्हणून मोकळी व्हायची. परफॉर्मन्स आर्ट ही भानगड देवरूखच्या बाजारात भाजी घेता घेता समजावून सांगण्यासारखी नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ती नीट समजावता येत नाही. नाटकात निदान पडदा पडतो, लोकांना घरी कधी जायचं ते कळतं.

त्या वर्षी मी रत्नागिरीच्या मासळीबाजारात सकाळभर रिकामी टोपली पुढ्यात घेऊन बसले. समुद्रातली मासळी संपत चालली आहे, एवढंच म्हणायचं होतं. गिऱ्हाईक वाकून टोपलीत बघायचं, मग माझ्याकडे बघायचं. शेजारची मासेवाली हसून म्हणाली, "बाय, तुझा माल लवकर खपला!" मला ते फार आवडलं. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावोगाव पोचलं.

मग कॉमेंट सुरू झाल्या. रिकामटेकडी. नौटंकी. कोळणींची चेष्टा करते. वेड्यांचं इस्पितळ रत्नागिरीतच आहे, कोणीतरी रिक्षात घालून सोडून या. हा विनोद आम्ही जन्मापासून ऐकतोय, तरी प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचल्यासारखा वाटत होता. मी उत्तरं दिली, आधी समजुतीनं, मग चिडून. दर उत्तराखाली आणखी माणसं जमायची. त्यांत मुंबईचे चाकरमानी होते, आमच्या वाडीतलेही होते. माझी झोप उडाली, अन्न जाईना. आई निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवलेली. तिनं बाजारात जाणंच सोडलं. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी वाटलं, उत्तर द्यायचं ते प्रयोगानंच. आमच्या देवळात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा" अशी हाक मारून तो गावाचं एकेक मागणं खणखणीत आवाजात मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी ठरवलं, कॉमेंट त्याच चालीत घालायच्या. देवापुढच्या सुरात शिवी आली की माणसाची जीभ अडखळेल, कोणी होकार देणार नाही, असा माझा हिशेब. सगळा प्रयोग त्या शांततेसाठी होता. आपल्या माणसांनी एकदा तरी गप्प राहून माझी बाजू घ्यावी, एवढंच मला हवं होतं.

रत्नागिरीतला एक छोटा हॉल घेतला. वाडीतले लोक टेम्पो करून आले. आई दुसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून.

मी हाक घातली. "बा देवा म्हाराजा! ही बाई रिकामटेकडी आहे, हिला काहीतरी कामधंदा लाव!"

"व्हय म्हाराजा!"

हॉल दणाणला. पहिल्या ओळीला सवयीनं आलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"हिला रिक्षात घालून इस्पितळात पोचती कर!"

"व्हय म्हाराजा!"

आता त्यात हसू मिसळलं होतं. पुढे पुढे तर माझी ओळ पुरी व्हायचीही कोणी वाट बघेना. द्वेष नव्हता हो त्यात, हेच वाईट. त्यांना मजा येत होती. गाऱ्हाण्याला होकारच द्यायचा असतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्याच देवळात वाढलेल्या मला एवढी साधी गोष्ट सुचू नये? मध्येच थांबायला हवं होतं. पण कोणीतरी गप्प होईल ही आशा सुटत नव्हती.

एक कॉमेंट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. हिला तरी आई होकार देणार नाही, आणि तिच्याकडे बघून बाकीचेही वरमतील, असं वाटलं होतं.

"हिच्या आईनं हिला काही वळण लावलं नाही, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात आईचा आवाज होता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी कुठेही ओळखीन.

टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा धीर करून विचारलं, "तू पण म्हटलंस ना गो?"

"बाकीच्या ओळींना नाय म्हटलं," ती म्हणाली. "मी तोंड मिटून बसले होते. तुझ्याबद्दल बोलत होते ते सगळं खोटं. ही एकच माझ्यावरची होती."

"तीपण खोटीच होती, आई."

तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला.

"मला नाय तसं वाटत," ती म्हणाली.

अनोळखी माणसांशी मी महिनोन्महिने भांडले होते. हिच्याशी कसं भांडायचं, ते मला कळेना.