घोडीवर बसले आणि उतरले

माझी घोडी चार वर्षांची होत आली तरी तिच्या पाठीवर कुणी बसलेलं नव्हतं, याचं जर्मनीतल्या एर्लांगेनजवळच्या त्या तबेल्यात माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त दुःख होतं. तबेल्याचा मालक तसा भला माणूस. पण त्याच्या लेखी कोवळं घोडं आणि नवं मशीन सारखंच, जोडायचं आणि चालू करायचं. मशीनं चालू करून देणं ही तर माझी नोकरीच आहे, त्यामुळे मला दोन्हींतला फरक चांगला कळतो.

त्याने मला बजावलं होतं. थंडी पडायच्या आत घोडीवर बसून मैदानात फिरवून दाखव, नाहीतर तिला बेरायटरकडे दे, नाहीतर जागा रिकामी कर. बेरायटर म्हणजे घोडी स्वारीला तयार करून देणारा पगारी स्वार. त्याच्या हातची एक घोडी आमच्या शेजारच्या खणात होती. कुणी खोगिराचा तंग आवळायला आलं की ती कान पाडून भिंतीला चिकटायची. माझ्या घोडीचं मी तसं होऊ देणार नव्हते. मग भले जागा जावो.

त्या वेळी सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. लेकाचं जाडजूड जॅकेट घालून त्या कुंपणाशी उभ्या राहायच्या. मी गाजराचा तुकडा देऊन घोडीच्या पाठीवर घोंगडी टाकते, काढते, हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर घास भरवणं झालं. मग गप्प का? बोलत राहा, म्हणजे तिचं लक्ष तुझ्या हाताकडे जाणार नाही."

तेव्हापासून चिऊच्या घासाला घोंगडी, काऊच्या घासाला खोगीर, आणि तंग आवळायचा तो माऊच्या घासाला, तोही जरासाच. घोडीने तोंड फिरवलं की त्या दिवसापुरतं जेवण संपलं. तबेल्यात सगळे हसत होते.

"आल्झो, हे काय, किंडरगार्टन आहे का?" मालकाने विचारलं.

"गेनाऊ, अगदी तेच," मी म्हटलं.

शेवटी घोडामैदान जवळ आलं. रविवार होता. कॉफीचे कप घेऊन माणसं कुंपणाला टेकली होती. मी नेहमीसारखी आधी तिच्या पाठीवर पोटावर आडवी झाले, तिला थोपटलं, मग हळूच पाय पलीकडे टाकला आणि बसले. घोडीची पाठ फळीसारखी ताठ झाली. मी बोलत राहिले. मग तिने लांब श्वास सोडला, मान खाली केली आणि उभी राहिली, मला घेऊन. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

"सुपर," मालक म्हणाला. "आता टाच लाव. फिरव तिला."

मी वाकून गाजर पुढे केलं. घोडीने तोंड फिरवलं.

टाच लावली असती तर ती चालली असती. एवढी गुणी घोडी आहे ती. हे मला ठाऊक होतं आणि त्याचाच मला राग आला. मी उतरले.

"आज एवढंच," मी म्हटलं.

मालकाने कप कुंपणावर ठेवला. ठरलं ते ठरलं, म्हणाला, महिनाअखेरीला जागा रिकामी कर. काय म्हणतो, सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं होय?" त्या म्हणाल्या. "तिचं सामान कुठे असतं ते दाखव. मी भरायला घेते." आणि खरंच तबेल्याकडे चालू लागल्या.

मालक जवळ आला. त्याचा आवाज आता खाली आला होता. त्यालाही घोडी आवडायची, हे मला माहीत आहे.

"चार पावलं टाकायची होती फक्त," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी जागा सोडतेस? घोडं काय कधी नाही म्हणतं?"

"माझं म्हणतं," मी म्हटलं आणि तंग सोडला.