लिंबाजीबाबांचे एकतीस सेकंद

"एकतीस," मी म्हणाले आणि स्टॉपवॉच टेबलावर आपटलं. दोन महिन्यांपूर्वी अठ्ठावीस होते. त्याच्या आधी चोवीस. गोळ्यांचा डोस दोनदा वाढवून झाला होता, व्यायाम चालू होते, आणि मधला एक महिना सोडला, तर लिंबाजीबाबा आणखी हळू होत चालले होते. माझा आवाज चढला तरी त्यांनी शांतपणे मान डोलावली. जणू मी त्यांना पास केलं होतं.

साल दोन हजारच्या आगेमागे असेल. जालन्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. दर मंगळवारी सकाळी पार्किन्सनच्या पेशंटचा ग्रुप क्लास घ्यायचे. या आजारात मेंदूतलं एक रसायन कमी पडतं. मग हात थरथरतात, अंग ताठरतं, पाऊल उचलता उचलत नाही. अशा लोकांसाठी ट्रस्टींनी पहिल्यांदा हॉल दिला तो वरच्या मजल्यावरचा. सतरा पायऱ्या. खालचा हॉल मिळवायला मला चार महिने भांडावं लागलं, यावरून बाकीचं ओळखा.

महिन्यातून एकदा मी प्रत्येकाची चाल मोजायची. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटरवरच्या खांबापर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. चांगल्या धडधाकट म्हाताऱ्याला दहा-बारा सेकंद लागतात. आकडा चार्टवर जायचा, चार्ट आमच्या फिजिशियन सरांकडे जायचा, आणि गोळी वाढवायची की नाही ते सर ठरवायचे. त्यांच्या ओपीडीत इतकी गर्दी, की केबिनमध्ये पेशंटला चालवून बघायला जागाच नसे. त्यामुळे सगळी मदार माझ्या आकड्यावर.

क्लासमध्ये आठ जण होते. त्यातले दोघं कुंभार पिंपळगावकडच्या एकाच गावचे, एकाच जीपमधून येणारे. आण्णासाहेब म्हणजे गावातले मोठे शेतकरी, उसाचे आणि कापसाचे. लिंबाजीबाबा त्यांच्याकडचे जुने सालगडी. मूळचे मेंढरं राखणाऱ्या घरातले, पण मेंढरं विकून तीस वर्षं होऊन गेलेली. उमेदीची वर्षं सगळी आण्णासाहेबांच्या शेतात गेली. आता काम सुटलं होतं, घरी चार शेळ्या होत्या, आणि दोघांना दोन वर्षांच्या अंतरानं हाच आजार झाला होता. आण्णासाहेब स्वतःचा इलाज करायला निघाले तेव्हा त्यांनी लिंबाजीबाबांनाही जीपमध्ये घातलं. दवाखान्याचं, औषधाचं सगळं तेच बघायचे. माणूस चांगला होता, त्यात वाद नाही.

लिंबाजीबाबांना पहिल्या दिवशी विचारलं, तुम्हाला काय जमायला हवं आहे? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. बहुतेक जण म्हणतात, "बरं व्हायचंय." ते म्हणाले, "शेळ्या मला माझ्या मी चारून आणायच्यात. तेवढं ऱ्हाऊ द्या." म्हणजे नाल्याच्या काठाकाठानं दीड-दोन किलोमीटर, खाचखळग्यातून. बायको कौसाबाईंचे गुडघे गेलेले. शेळ्या बाबांच्या पायावरच होत्या. मी म्हणाले, जमवू.

जमवू म्हणणं सोपं असतं. लिंबाजीबाबा खुर्चीवरच बसायचे नाहीत. बाकी सगळे अर्धगोलात खुर्च्यांवर आणि हे खाली फरशीवर. फरशीवरून उठायला दोन माणसं लागायची. मी तीन मंगळवार डोकं फोडलं, तेव्हा कुठे खुर्चीच्या अगदी कडेला टेकायला लागले. मोठी पावलं टाका म्हटलं की एवढी एवढी टाकायचे. हात झुलवा म्हटलं की कोपरापासून जरासा हलवायचे. चाल मोजायला पहिला मान आण्णासाहेबांचा आणि लगेच मागून लिंबाजीबाबा. तो क्रम कोणी ठरवला, मला आठवत नाही. मी तर नक्कीच नाही.

डोस वाढवायचं निघालं की आण्णासाहेब मात्र हात झटकायचे. "मला कशाला? लिंब्यापेक्षा बरा हाय मी. त्याची वाढवा." त्यांचे सेकंदही वाढत होते. पण पेशंट ऐकत नाही म्हटल्यावर सर पुढचा नंबर बोलवायचे.

मग आण्णासाहेब मुलीकडे औरंगाबादला गेले. त्या मंगळवारी लिंबाजीबाबा एकटेच आले, आधी काळीपिवळी जीपनं घनसावंगी आणि तिथून एसटीनं जालना. मोजायचा महिना होता. सतरा सेकंद. मला वाटलं बटण दाबायला चुकलं. परत चालवलं. सोळा. मी आनंदानं सरांच्या केबिनमध्ये शिरले. सर म्हणाले, "बघा, गोळी लागू पडली." आम्ही दोघांनी एकमेकांचं कौतुक केलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढच्या महिन्यात आण्णासाहेब परत आले आणि लिंबाजीबाबांचे झाले एकतीस. सुरुवातीला सांगितलं ते हेच. माझं डोकं फिरलं. "घरी व्यायाम करता की नाही? का इथं नुसते जीपमधून फिरायला येता?" सगळ्या क्लाससमोर बोलले. त्यांनी मान खाली घातली. आण्णासाहेबच मध्ये पडले, "जाऊ द्या म्याडम, म्हातारा झाला त्यो." सरांनी तिसऱ्यांदा डोस वाढवला.

तीन आठवड्यांनी कौसाबाई आल्या. एकट्या, गुडघे धरत. नवऱ्याची फाईल काखेत.

"बाई, ह्यांना मेंढरं दिसून राह्यलीत," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"घरात. दिवसाढवळ्या. भिताडापाशी हुबी हायेत म्हणत्येत. परवा त्यांना हाकलाया उठले अन् आंगणात पडले. कोपर सारं सोललं. आता बाजेवरून उठू देत न्हाई मी. शेळ्या शेजाऱ्याच्या दावणीला बांधल्यात."

ही गोळी प्रमाणाबाहेर गेली की माणसाला नसलेलं दिसायला लागतं. कधी अंग आपोआप वळवळतं, कधी उठताना भोवळ येते. ते मला माहीत होतं. पण माणूस हळू होत असताना गोळी जास्त कशी झाली, हे कळेना. मी विचारलं, "घरी चालतात तरी कसे?"

"चांगलं चालत्येत की. पडायच्या आधी बिलकुल तरास न्हवता. शेळ्या चारून दिस मावळायच्या आधी घरी यायचे."

"मग इथं एकतीस सेकंद का लागतात?"

कौसाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अचकट विचकट विचारलंय. "आवं बाई, हितं मालक असत्येत ना. मालकाच्या म्होरं कसं चालावं मानसानं?"

मी कपाटातून रजिस्टर काढलं. वर्षभर माझ्याच अक्षरात लिहिलेलं. आण्णासाहेब बावीस, लिंबाजी चोवीस. आण्णासाहेब सव्वीस, लिंबाजी अठ्ठावीस. आण्णासाहेब एकोणतीस, लिंबाजी एकतीस. मालक पुढं जाऊन यायचे, हा माणूस बघायचा, आणि त्यांच्यापेक्षा जरा हळू चालून दाखवायचा. आजार वाढत होता आण्णासाहेबांचा, आणि त्याच्या गोळ्या आम्ही लिंबाजीबाबांना चारत होतो. वर्षभर ते माझ्या क्लासमध्ये व्यायाम करतच नव्हते. अदबीनं व्यायामाचं सोंग करत होते. आणि ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायची अक्कल मला झाली नव्हती.

सरांकडे गेले. सर आधी भडकले. "मॅडम, मी तुमच्या चार्टवर डोस दिला."

"सर, तुम्ही त्यांना स्वतः एकदा तरी चालताना बघितलं का?"

"बघितलं की. मालकाबरोबर केबिनमध्ये आले तेव्हा."

"तेच तर सांगतेय."

सरांनी फाईल पुढं ओढली. मग डोस उतरवायला घेतला, हळूहळू, कारण ही गोळी एकदम तोडता येत नाही. महिनाभरात मेंढरं दिसायची बंद झाली. लिंबाजीबाबा बाजेवरून उठले. शेळ्या आपल्या दावणीला आल्या. पण पुन्हा क्लासला आले आणि पुन्हा आण्णासाहेबांच्या मागे दोन सेकंद. हा आकडा परत चार्टवर गेला, आणि सरांच्या जागी उद्या दुसरा कोणी डॉक्टर आला, तर बाबा परत त्या बाजेवर जाणार होते.

मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "बाबा, तुम्ही हळू चाललात की आम्हाला वाटतं आजार वाढला. मग गोळी वाढते. मग मेंढरं दिसतात."

ते विचारात पडले. "म्हंजी गोळी चालण्यावर हाय व्हय?"

"मग कशावर असेल?"

"मला वाटलं वयावर असंल."

"आता तरी बरोबर चालाल ना?"

"आसं करा म्याडम. मी मालकाच्या मागंच चालतो. तुम्ही सोळा लिव्हा."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग मी तोडगा काढला, की आण्णासाहेबांनी मंगळवारी यायचं आणि बाबांनी शुक्रवारी. आण्णासाहेब म्हणाले, "एका गावावरून दोन दोन चकरा? अन् एसटीत लिंब्या पडला तर जिम्मा कोणाचा?" कारण सांगावं तर बाबा जीपच्या आडून मला हात जोडत होते. सांगू नका म्हणून. तीन आठवडे मी हा खेळ सहन केला. चौथ्या मंगळवारी क्लास सुटल्यावर दोघांनाच थांबवून घेतलं आणि सांगून टाकलं.

"आण्णासाहेब, लिंबाजीबाबा तुमच्यासमोर मुद्दाम हळू चालतात."

"कामून?"

"तुम्ही हळू झालात म्हणून."

ते माझ्याकडं बघत राहिले. या आजारात चेहरा हलत नाही, त्यामुळे रागावलेत की काय, काही कळेना. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

ते वळले. "लिंब्या, उठ. माझ्या म्होरं चाल. बराबर चाल."

लिंबाजीबाबा उठले आणि जागच्या जागी थिजले. पाय फरशीला चिकटल्यासारखे. मनावर ताण आला की पार्किन्सनमध्ये असं होतं, त्यात सोंग नव्हतं. नुसत्या हुकमानं पावलं उचलली असती तर मी इतकी वर्षं शिकले कशाला? मी त्यांना खाली बसवलं.

मग आण्णासाहेब उठले. स्वतःची खुर्ची धरली आणि भिंतीकडं वळवायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "सरका." थरथरत्या हातांनी खुर्ची इंच इंच फिरवली. त्यात दोन-तीन मिनिटं गेली. बाबा डोळे मिटून बसले होते, त्यांच्यानं ते बघवत नव्हतं. आण्णासाहेब आमच्याकडं पाठ करून बसले. "आता घ्या."

बाबांनी त्या पाठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी स्टॉपवॉच दाबलं. ते उठले, खांबापर्यंत गेले, वळले, आले. मोठी पावलं, हात झुलवत. वर्षभर ओरडून ओरडून घसा बसवला होता ती चाल.

"किती?" आण्णासाहेबांनी भिंतीकडं बघतच विचारलं.

बाबा मला हातानं खुणावत होते, न्हाई, न्हाई. माझी मात्र अदब संपली होती.

"सोळा."

"अन् आज माझे?"

"बत्तीस."

 ते म्हणाले, "पोरगी औरंगाबादला मोठ्या डॉक्टरकडं चला म्हणत व्हती. मी म्हनलं, लिंब्यापेक्षा बरा हाय मी, कशाला खर्च." बाबांनी डोळ्यांवर हात घेतला. 

"मंग गोळी माझी वाढवायला पायजे व्हती," आण्णासाहेब म्हणाले. "त्याची न्हाई."

त्यांचा डोस त्याच आठवड्यात वाढला. वर्षभर उशिरानं. काही फरक पडला, सगळा नाही पडला. लिंबाजीबाबा पुढे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. शेळ्या राखायचे, मंगळवारी यायचे, मोठी पावलं टाकायचे आणि माझ्यावर रुसलेले असायचे.

माझ्या चार्टमध्ये तेव्हापासून एक रकाना जास्त आहे: मोजताना समोर कोण होतं. नवे डॉक्टर विचारतात, हे कशाला? मी म्हणते, वाचत जा. आणि स्टॉपवॉच हातात घेण्याआधी प्रत्येक पेशंटला सांगते, की हळू चाललात तर तुमची गोळी वाढेल. एवढं एक वाक्य पहिल्या मंगळवारी बोलले असते तर एका माणसाचं कोपर आणि दुसऱ्याचं वर्ष वाचलं असतं. त्याला काही डिग्री लागत नाही.