आप्पांचे बॉम्बचे नियम

चार जण दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसले की किस्से साचतातच. आमच्याकडे तर बॉम्ब होते, मग काय विचारता!

साल दोन हजारच्या आसपासचं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, संतोषच्या घरी आमचा अड्डा. खेळ असा, की संतोष गोष्ट रचायचा, मी, बबन आणि दत्तू त्यातली माणसं व्हायचो, आणि कोण जगलं, कोण मेलं ते फासे ठरवायचे. नियमांचं पुस्तक इंग्रजी, तेही झेरॉक्स. फासे सापशिडीचे.

पुस्तकातला बॉम्बचा नियम सोपा होता. जिथं पडला तिथं सहा फासे टाकायचे, जेवढी बेरीज तेवढी इजा. नकाशावरचं एक घर लांब असलं की एक फासा कमी. पहिल्याच रविवारी बबनने शत्रूवर बॉम्ब टाकला, तोही दहा फुटांच्या खोलीत. शत्रू मेला, आम्ही तिघं मेलो, आणि ज्याला सोडवायला गेलो होतो तो राजाही गेला. संतोषच्या आईचा चहा अजून उकळायचा होता.

पुढच्या वेळी बबन बाजेमागे लपला. पुस्तकाप्रमाणे आडोसा मिळाला की इजा निम्मी. दत्तू भडकला. "बाजंमागं? आरं, ती बाजच अंगात घुसंल की!"

एवढी खात्री कुठून, विचारलं तर फासे गोळा करायला लागला. दत्तू कवठे येमाईचा, शिकायला मामाकडे राहिलेला. वडील काय करतात विचारलं की "कॉन्ट्रॅक्टमधी हायत" एवढंच म्हणायचा. दोन वर्षं आम्ही मोठमोठे पूल डोळ्यांसमोर आणत होतो!

मग एका लग्नासाठी त्याचे वडील, आप्पा, दौंडला आले आणि पोरगं काय खेळतं ते बघायला आमच्यात येऊन बसले. संतोषने नकाशावर बॉम्बभोवती काढलेला गोल बघून म्हणाले, "आसा गोल न्हाई फुटत. जिकडनं वाट घावंल तिकडं जोर." आप्पा विहिरी पाडताना खडकात सुरुंग लावायचे. दत्तूने मान खाली घातली. आम्ही मात्र वही काढली.

वहीवर नाव घातलं, 'आप्पांचे नियम'. बंद खोलीत इजा दुप्पट. मोकळ्यावर निम्मी, पण पुढच्या डावाला वरून दगड येतो, त्याचा फासा वेगळा. बाजेचा आडोसा रद्द. आमच्या इंग्रजी पुस्तकवाल्यांना हे सुचलं नव्हतं, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. बबनने तर एवढी धास्ती घेतली, की दिवाळीत लवंगी वाजली तरी भिंतीमागे जायचा.

आमची कीर्ती ऐकून एकदा पुण्याहून दोन कॉलेजवाले आले. वीस बाजूंचे रंगीत फासे, जाड ओरिजिनल पुस्तक. आमची वही बघून हसले. दत्तूचे कान लाल झाले, कारण नेमके त्या दिवशी पुन्हा दौंडला आलेले आप्पाही कॉटवर चहा पीत बसले होते.

खेळात किल्ल्याचं तळघर फोडायचं होतं. आम्ही सहा सुरुंग लावले. संतोष पुस्तकाआड एकेकाचा फासा टाकायचा, आणि सुरुंग उडाला की टेबलावर स्टीलचा ग्लास आपटायचा. आवाज थांबले तसं पुण्याच्या एकाने आपली सोंगटी तळघराच्या दारापर्यंत सरकवली. खजिना त्याचाच होता.

"थांबा," आप्पा कॉटवरून म्हणाले. "सहा भरलं, पाच वाजलं. एक आत जित्ता हाय."

असला नियम पुस्तकात नाही, असं तो पुण्याचा पोरगा म्हणाला, आणि हे कोण, असंही त्याने विचारलं.

दत्तू उभा राहिला. "माझे आप्पा. विहिरीचं सुरुंग उडवत्यात, माझ्या जन्माच्या आधीपासनं. हात बघा त्यांचं."

आप्पांनी दोन्ही हातांनी बशी धरली होती. दहाही बोटं शाबूत.

पुण्याच्या पोराने वाकून ती बोटं मोजली. मग त्याने सोंगटी हळूच मागे घेतली आणि आप्पांनाच विचारलं, मग आत कधी जायचं?

"उद्या सकाळी."

संध्याकाळची पुण्याची गाडी त्या दोघांनी सोडून दिली आणि मुक्काम ठोकला.