अर्थ ठाऊक असलेलं नाव

आमिना गेल्याचं तिच्या मुलानं, सलीमनं, फोनवर कळवलं. त्याला महिना होऊन गेला. शोकसभेत एक गृहस्थ भारावून म्हणाले, "आमिनाबाई मुसलमान आहेत, असं कधी वाटलंच नाही." लोकांनी माना डोलावल्या. हे कौतुक होतं म्हणे...

अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांना शोधून मारत होते, त्या दिवसांत ती फुलंब्रीला आमच्या घरात जन्मली. तिचे वडील गावच्या शाळेत उर्दू शिकवायचे. गरोदर बायकोला माझ्या मायच्या हवाली करून ते भावाला आणायला औरंगाबादला निघाले, ते परत आलेच नाहीत. कुणी मारलं, कुठं टाकलं, शेवटपर्यंत कळलं नाही. जाताना एवढंच बोलले होते, मुलगी झाली तर आमिना म्हणा. पुढं बाहेरगावची माणसं हत्यारं घेऊन दारात आली. आमिनाची आई आत ज्वारीच्या कणगीमागं लपलेली, आणि माय बाळाला पदराखाली घेऊन उंबऱ्यात उभी. "माझी लेक हाय. यमुना." माणसं गेली. मी तेव्हा लहान, मलाही तिनं बजावलं, "कुणी इचारलं तर यमुनाच म्हणायचं."

आमिना पुढं शहरात मराठीची शिक्षिका झाली. तिला मी एकदा नावाचा अर्थ विचारला. "अरबी आहे, अक्का. पैगंबरांच्या आईचं नाव. अमान, अमानत, सगळे त्याच घरातले शब्द. आमिना म्हणजे जिला भय नाही ती." मग कडवट हसली. "अब्बांनी वेळ बघून ठेवलं!"

तिच्यासाठी भाड्याची खोली बघायला मीही गेले होते. घरमालकिणीनं चहा ठेवला, भाडं ठरलं, मग नाव विचारलं. ऐकल्यावर तिला एकाएकी आठवलं की खोली पुतण्याला द्यायचीय. चहा आलाच नाही. रस्त्यावर मी संतापून म्हटलं, "यमुना सांगायचं होतंस!"

आमिना थांबली. "ते नाव मायनं माझा जीव वाचवायला दिलं होतं. खोलीसाठी नाय खर्चायची मी."

शेवटी तिनं स्वतःचंच घर बांधलं. परवा गेले तर सलीम दारावरची पितळी पाटी काढत होता. मराठीत आणि उर्दूत, नुसतं 'आमिना'.

"घर विकायचंय, मावशी. गिऱ्हाईक पाटी वाचून फाटकातूनच परत फिरतं."

पाटी मी मागून आणली. आमच्या दाराला लावू म्हटलं, तर सून हळूच म्हणाली, "आई, लोक काय समजतील?"

तूर्त ती माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.