अनंतकाकांची झाकलेली स्कूटर

कुणाविषयी लिहावं असा मी कोण? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि लिहायचं तेही शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाविषयी. चुकलं तर माफ करावं.

दिवेआगरला आमच्या शेजारी अनंतकाका राहत. खारा वारा लोखंड खातो, म्हणून त्यांनी स्कूटरच्या इंजिनाला जाड रेक्झिनचं आवरण शिवून घेतलं होतं. गाडी चालू असतानाही ते निघत नसे. "वारा लागला की वस्तू कामातून जाते," असं ते म्हणत. काकूला माहेरी पाठवायचं टाळतानाही हेच म्हणत.

म्हसळ्याच्या वाटेवरच्या चढावर ती गाडी हमखास तापे. मग ते काकूला उतरवत. "उतर. तुझ्या वजनानं तापतेय ती." काडीसारखी काकू उन्हात चालत चढ चढे. काका वर सावलीत उभे राहून विचारत, "काय गं, वरातीत चाललीस काय?"

मी एकदा भीत भीत म्हणालो, "काका, हे इंजिन वाऱ्यावरच गार होतं. पंख्याची हवा त्याच्या खाचांतून फिरायला हवी. तुम्ही तीच बंद केलीत."

"कॉलेजात जाऊन वारा खायला शिकलास व्हय?"

त्यांची मुलगी रेश्मा. अलिबागला नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. एसटीत परके पुरुष असतात, म्हणून काका तिला स्कूटरवरूनच नेणार होते. त्याच चढावर इंजिन जाम झालं. मागून आलेल्या एसटीत मी होतो. रेश्मानं हात केला, एसटी थांबली. काकांनी तिचा हात धरून खाली केला. "जावा तुम्ही. आमची गाडी हाय."

मी खिडकीतून म्हटलं, "काका, तिला तरी पाठवा. मी आहे सोबत."

"तू हायस म्हणूनच न्हाय."

कंडक्टरनं घंटी मारली. रेश्मा कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. रडत नव्हती.

त्याच वर्षी त्यांनी तिचं लग्न लावलं. जावई स्वतः पारखून आणला. मांडवात ज्याला त्याला कौतुकानं सांगत होते, "बायकोला उंबऱ्याबाहेर सोडणारा न्हाय. असाच हवा होता मला."

मी आता शिकायला बाहेर असतो. परवा आईचा फोन आला. काका गेले. अंथरुणाला खिळल्यापासून रेश्माचंच नाव घेत होते. काकूनं जावयाला फोन लावून विनवलं, एकदाच तिला आणा. तो म्हणाला, "सासऱ्यांना विचारा. सोडू नको म्हणून त्यांनीच सांगितलंय."

फोन स्पीकरवर होता, काकांच्या उशाशीच.