साचे गेले त्या वर्षी

आमचे हे टायरच्या कारखान्यात साचे दुरुस्त करायचे. टायरवर कंपनीचं नाव उमटतं ना, ते साच्यात उलटं कोरलेलं असतं. झिजलं की पुन्हा धारदार करायचं, हे ह्यांचं काम. एकतीस वर्षं उलटी अक्षरं बघून डोकंही उलटं चालायला लागलं होतं. मी भांडायला उभी राहिले की हे हसायचे.

कारखाना तीनदा विकला गेला. आधी थोरल्या मालकाच्या मुलांनी, मग परदेशी कंपनीने, मग कुठल्याशा गुंतवणूकदारांनी. दर वेळी फाटकावरची पाटी बदलली, टायरवरचं नाव तेवढं राहिलं. ते आहे तोवर आपल्याला मरण नाही, असं हे छातीठोकपणे सांगायचे.

चौथा मालक आला आणि हुकूम सुटला, सगळेच्या सगळे साठ साचे दुरुस्त करा. ह्यांना वाटलं, नवी यंत्रं येणार! सहा आठवडे एकही सुट्टी न घेता खपले. कुठला साचा तापल्यावर किती फुगतो, कुठल्या अक्षराला जपायचं, सगळं चिठ्ठ्यांवर लिहून दिलं. वर स्वतःचा फोन नंबर!

"अहो, सगळंच लिहून दिलंत, तर तुमची गरज काय उरली?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

सातव्या आठवड्यात ट्रक आले नि साचे घेऊन गेले. नव्या मालकाला, मेल्याला, नाव आणि साचे तेवढेच हवे होते. कारखान्याला टाळं लागलं.

हे आठ महिने दारोदार फिरले. साच्याचं काम कुठेच नव्हतं, आणि दुसऱ्या कामाला वय आडवं यायचं.

एका दुपारी, साचे जिथे नेले त्या नव्या कारखान्यातून फोन आला. एका अक्षरात रबर अडकत होतं. ह्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तरतरी आली! पाऊण तास समजावत होते. मी समोर उभी राहून दातओठ खात होते. एवढ्यात ह्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मीच येऊन करून देऊ का? राहायची सोय नसली तरी चालेल."

पलीकडच्या पोराचं बोलणं मला समोरही ऐकू येत होतं.

"नको हो काका. पुढच्या महिन्यात साचे साफ करायचं लेझरचं मशीन येतंय. तोवर कसंतरी ढकलायचंय."

"बरं, बरं. पण तोवर ब्रश पितळेचाच वापरा हं. पोलादी लावलात तर कडा जातील. आणि घासताना..."

हे सांगत राहिले. तिकडून फोन केव्हाच ठेवला होता.